चाळीस यार्डांच्या आत

लसूणघासाच्या शेतात ग्राउंडहॉगचं बीळ शोधावं लागत नाही, पीकच ते दाखवतं. झाडोऱ्याच्या कडेला गुडघाभर उंच हिरवं रान एकाएकी बुटकं होत जातं. आधी वीतभर, मग बोटभर, शेवटी उघडी माती. त्या मातीवर दगडगोट्यांसकट उपसलेला उकीर आणि मधोमध दहा-बारा इंच रुंदीचं भोक. धोका दिसला की पळत परत येता येईल एवढ्याच अंतरावर चरायचं, हा या प्राण्याचा शिरस्ता. म्हणून नुकसानही बिळाभोवती अर्धवर्तुळात पसरत जातं. सोयाबीन कोवळं असेल तर त्या अर्धवर्तुळातल्या ओळींवर नुसते खुंट उरतात.

हे मी पाहिलं ते अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात, बर्क्स काउंटीत. रेडिंग शहराच्या आसपासचा हा मुलूख चढउताराचा आहे. मका, सोयाबीन, चाऱ्याची पिकं, दुभत्या गाईंचे गोठे, आणि दोन शेतांच्या मध्ये झाडाझुडपांच्या लांबच लांब पट्ट्या. माझी मावसबहीण गेली कित्येक वर्षं या भागात राहते. तिच्याकडे मुक्कामाला असताना शेजारच्या दुग्धव्यावसायिक शेतकऱ्याशी ओळख झाली, आणि त्याच्या शेतावर ग्राउंडहॉग मारायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याशीही. शिकारी आणि तोही हवेची बंदूक घेऊन येणारा, म्हटल्यावर मला कुतूहल वाटलं. आपल्याला छऱ्याची बंदूक माहीत आहे ती जत्रेत फुगे फोडण्यापुरती, किंवा अंजली भागवत आणि तेजस्विनी सावंत यांच्यामुळे नेमबाजीच्या मैदानावरची. दोन ते सहा किलो वजनाचा, जाड कातड्याचा, बिळात राहणारा प्राणी त्या बंदुकीने खरोखर मरतो का? आणि मरत असेल तर कसा मरतो?

या दुसऱ्या प्रश्नासाठीच हा लेख लिहितो आहे.

ग्राउंडहॉग म्हणजेच वुडचक. लडाखला गेलेल्या मंडळींनी रस्त्याकडेला दोन पायांवर उभे राहणारे गुबगुबीत मार्मोट पाहिले असतील; हा त्यांचाच मैदानी भाऊबंद, खारीच्या कुळातला. अंगावर करडे-तपकिरी राठ केस, आखूड पाय, पुढच्या पंजांना भक्कम नख्या, आणि आयुष्यभर वाढत राहणारे, म्हणून सतत झिजवावे लागणारे पटाशीचे दात. धोक्याची चाहूल लागली की तो कर्कश शीळ घालतो. त्यामुळे अपालाचियन डोंगरपट्ट्यात त्याला ‘शीळवाला डुक्कर’ अशा अर्थाचं नावही पडलं आहे. माणसाने जंगल तोडून शेती केल्याने बहुतेक वन्यप्राण्यांची जागा गेली, याची मात्र वाढली. त्याला झाडी लागते ती आडोशापुरती. चरायला उघडं रान हवं. झाडोऱ्याच्या कडेची शेती त्याला फार मानवली.

त्याच्या बिळाबद्दल सांगावं तेवढं थोडं. चार-पाच फूट खोल, तीस-चाळीस फुटांपर्यंत लांब, झोपायची खोली वेगळी, विष्ठेची जागा वेगळी. मुख्य दारापाशी उकीर असतो, पण पळून जाण्यासाठी एक-दोन चोरदारं असतात. ती आतून वर खणलेली असल्याने त्यांच्याभोवती मातीचा कणही दिसत नाही. गवतात सरळ खाली उतरणारं भोक, एवढंच. एका बिळासाठी तीनशे किलोच्या आसपास माती उपसली जाते, असा अंदाज सांगितला जातो. ग्राउंडहॉग गेला की त्या बिळात कोल्हा येतो, स्कंक येतो, ससा येतो, ओपॉसम येतो. रानातल्या अर्ध्या जनावरांना राहायला घर देणारा हा प्राणी आहे, हे शिकारी मंडळीही कबूल करतात.

शेतकऱ्याची तक्रार मला वाटली होती त्यापेक्षा वेगळी निघाली. प्रौढ ग्राउंडहॉग दिवसाला अर्धा-पाऊण किलो पाला खातो, पण त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं. तो बोलत होता भोकांबद्दल. गवत कापायचं यंत्र जमिनीलगत चालतं. उंच घासात लपलेल्या उकिरावर त्याचं पातं आदळलं की दात तुटतात, आणि ऐन कापणीत अर्धा दिवस दुरुस्तीत जातो. ट्रॅक्टरचं पुढचं चाक भोकात गेलं तर उतारावर जिवाशी खेळ. शेजारच्या आमिश पंथाच्या शेतकऱ्यांची नांगरणी आजही घोड्या-खेचरांवर चालते. चोरदारात पाय जाऊन घोड्याची नळी मोडली तर त्याला वाचवणं बहुधा शक्य नसतं. वर पुन्हा हे प्राणी जुन्या लाकडी कोठारांच्या दगडी पायाखाली बिळं करतात आणि पाया खचवतात. त्याने मला त्याच्या कोठाराचा एक कोपरा दाखवला. पायाचा चिरा बोटभर खाली बसला होता आणि भिंतीची फळी चिऱ्यापासून सुटली होती.

*

ग्राउंडहॉगविषयीचा राग अमेरिकेत जुना आहे. १८८३ साली न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने वुडचकच्या चौकशीसाठी रीतसर समिती नेमली होती. समितीला या प्राण्यात चांगलं म्हणावं असं काहीच सापडलं नाही, आणि एका वुडचकमागे दहा सेंट इनाम लागलं.

त्याच्याही आधी, १८५४ साली आलेल्या ‘वॉल्डन’मध्ये थोरोची या प्राण्याशी गाठ पडते. दुर्गा भागवतांनी हे पुस्तक मराठीत आणलं, त्यामुळे आपल्या वाचकाला तळ्याकाठची ती झोपडी परकी नाही. थोरोने घेवड्याचं पीक लावलं होतं आणि वुडचकांनी त्यातला पाव एकर साफ केला. शाकाहाराकडे ओढा असलेल्या, पुढे गांधीजींना जवळच्या वाटलेल्या या माणसाने शेत खाणारा एक वुडचक मारला आणि खाल्लाही. वाटेत आडवा आलेला वुडचक पकडून कच्चाच खावा अशी रानटी ऊर्मी एकदा आपल्याला झाली, हेही त्याने लपवलं नाही. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी असतात आणि त्या प्रामाणिकपणे लिहिता येतात, म्हणून मला थोरो मोठा वाटतो.

पेनसिल्वेनियात तर याच प्राण्याचा सण आहे. जर्मन भाषक प्रदेशांतून इथे येऊन वसलेल्या लोकांनी मेणबत्त्यांच्या ख्रिस्ती सणाशी जोडलेली हवामानाची समजूत बरोबर आणली. तिकडे त्या दिवशी बिजूसारखा बॅजर सावली पाहत असे. इथे ते काम ग्राउंडहॉगकडे आलं. २ फेब्रुवारीला त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे राहणार, असं मानतात. पंक्सटॉनी या गावात १८८७ पासून हा समारंभ अधिकृतपणे होतो, आणि त्या काळात तिथेच ग्राउंडहॉगची शिकार करून त्याचं मांस मेजवानीत खाण्याचीही चाल होती. पूर्व पेनसिल्वेनियात पेनसिल्वेनिया-जर्मन बोली बोलणाऱ्यांनी १९३४ च्या सुमारास ‘ग्रुंडसाऊ’ म्हणजे ग्राउंडहॉगच्या नावाने मेळावे सुरू केले. तिथे जेवण, गाणी, नकला सगळं त्याच बोलीत, आणि इंग्रजी शब्द तोंडातून गेला तर दंड! बोली जगवण्यासाठी लोकांनी शेतातला आपला वैरी मानचिन्ह म्हणून निवडला, ही गोष्ट मला फार आवडली.

समारंभाच्या तारखेत निसर्गाचं थोडं खरंही आहे. ऑक्टोबरमध्ये ग्राउंडहॉग शीतनिद्रेत जातो. त्याच्या शरीराचं तापमान पाच अंशांच्या आसपास उतरतं, हृदयाचे ठोके मिनिटाला पाच-दहावर येतात. बर्क्स काउंटीतल्याच पेन स्टेट विद्यापीठाच्या शाखेत स्टॅम झर्व्हानोस या जीवशास्त्रज्ञाने अनेक वर्षं या निद्रेचा अभ्यास केला. नर फेब्रुवारीत काही काळ जागे होऊन बाहेर पडतात, माद्यांच्या बिळांकडे फेरी मारून येतात आणि पुन्हा झोपतात. खरं मीलन मार्चमध्ये होतं, असं त्यांना आढळलं. महिन्याभराच्या गर्भावस्थेनंतर एप्रिल-मेमध्ये सरासरी चार पिल्लं होतात. या तारखा पुढे लागणार आहेत.

आणखी एक हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट स्नायडर यांनी वुडचक पाळले होते, आणि त्यातले पुष्कळ यकृताच्या कर्करोगाने मरत. १९७८ साली जेसी समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यात माणसाच्या हिपॅटायटिस बी विषाणूचा जवळचा भाऊ शोधून काढला. तेव्हापासून हा प्राणी त्या रोगाच्या संशोधनाचा मोठा आधार झाला. आज आपल्याकडेही हिपॅटायटिस बीच्या रुग्णांना दिलं जाणारं एन्टेकाव्हिर हे औषध माणसांना देण्याआधी वुडचकवर तपासलं गेलं होतं. ज्याच्यात काहीच चांगलं नाही असा निर्वाळा समितीने दिला होता, त्याच्यामुळे जगभरच्या रुग्णांच्या उपचाराची वाट सोपी झाली.

*

मावसबहिणीकडचा प्रश्न परसबागेपुरता होता. तिने मेथी, गवार, दुधी, टोमॅटो लावले होते. अमेरिकेच्या पूर्व भागात भाजी लावणाऱ्या बहुतेक मराठी घरांत हे दुःख ऐकू येतं. सकाळी पाहावं तर गवारीला एक पान नाही आणि दुधीच्या वेलाचे शेंडे खुडलेले. मी विचारलं, “ताई, त्या आजोबांना इकडे बोलवायचं का?”

“नको रे बाबा. इथे घराला लागून घर, पलीकडे पोरं खेळतात. आणि गोळीचं राहू दे, मला ते पिलांना घेऊन उभं राहिलेलं दिसतं ना, मग काही सुचत नाही.”

तिचं म्हणणं दोन्ही अंगांनी बरोबर होतं. दाट वस्तीच्या अनेक नगरांत छऱ्याची बंदूक चालवायलाही बंदी असते, आणि बागेपुरतं काम कुंपणाने होतं. जाळी तीन फूट उंच हवी. तळाची फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली पुरायची, म्हणजे खणायला गेला की पंजा तारेवर पडतो. वरची फूटभर सैल ठेवून बाहेर झुकवायची, कारण हा जड दिसणारा प्राणी चांगला चढतो. भावोजींनी दोन शनिवार-रविवारांत ते काम पुरं केलं आणि गवारीला शेंगा आल्या.

पण शंभर-दीडशे एकरांच्या लसूणघासाला असं कुंपण कोण घालणार? मग उरतात ते बाकीचे मार्ग. पिंजऱ्यात धरून दुसरीकडे नेऊन सोडायचं म्हटलं तर संकट फक्त जागा बदलतं, आणि त्यात रोगाची भीती आहे. अमेरिकेत १९८५ ते १९९४ या दहा वर्षांत कृंतक प्राण्यांमध्ये रेबीजची जी ३६८ प्रकरणं नोंदली गेली, त्यांतली ८६ टक्के ग्राउंडहॉगची होती. दुसरा मार्ग धुराच्या नळकांड्यांचा. सोडियम नायट्रेट आणि कोळशाची पूड भरलेलं नळकांडं पेटवून बिळात सोडायचं आणि सगळी दारं मातीने बुजवायची. कार्बन मोनॉक्साइडने आतलं जे असेल ते मरतं. बिळात त्या दिवशी कोल्हीण पिलांसह असेल तर तीही मरते, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला ते कळतही नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये शेतघरात राहिलेल्या कवयित्री मॅक्सिन क्यूमिन यांची ‘वुडचक्स’ ही कविता याच प्रसंगाची आहे. वायूने काम होत नाही म्हणून अहिंसावादी बाई बंदूक उचलते आणि मारण्यात तिला गोडी लागत जाते. अमेरिकन शाळा-कॉलेजांत ही कविता शिकवतात ते योग्यच आहे.

बंदूक म्हणजे एके काळी पल्लेदार रायफल. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि नंतर पूर्वेकडच्या वुडचक शिकाऱ्यांनी लहान नळीच्या, अतिवेगवान काडतुसांचे कितीतरी प्रयोग केले. तीनशे यार्डांवरून टिपणं हा त्यांचा अभिमान होता. आता शेतांच्या मधोमध घरं उभी राहिली आहेत. साध्या ०.२२ रिमफायर काडतुसाची गोळीसुद्धा हवेतून दीड मैल जाऊ शकते. दगडावर आपटून ती कुठे वळेल याचा नेम नाही. गोठ्यात गाई, पलीकडे रस्ता, मागे शेजाऱ्याचं अंगण. अशा जागी शिकारी हवेच्या बंदुकीकडे वळले.

ती पेनसिल्वेनियाला नवी नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बार्तोलोमेओ जिरांदोनी याने बनवलेली हवेची रायफल वापरली होती. दस्त्यातच हवेची टाकी, वर वीस गोळ्यांची नळी, आणि टाकी भरायला हातपंपाचे पंधराशेच्या आसपास दट्टे. मेरिवेदर लुइस अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या शोधमोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याजवळ हवेची बंदूक होती. ती जिरांदोनीच्याच बनावटीची असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याच्या रोजनिशीतली पहिलीच नोंद ३० ऑगस्ट १८०३ ची, पिट्सबर्गजवळच्या एका बेटावरची. बंदूक पाहायला हातात घेतलेल्या गृहस्थाकडून ती चुकून उडाली आणि चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या बाईच्या कानशिलाला चाटून गोळी गेली. बाई खाली कोसळली. ती मेली असंच सगळ्यांना क्षणभर वाटलं. सुदैवाने जखम वरवरची होती. हवेची बंदूक खेळणं आहे असं समजणाऱ्याला मी हीच नोंद सांगतो.

आजच्या बंदुकीत तत्त्व तेच आहे. नळीखालच्या नळकांड्यात दोनशे ते तीनशे बार दाबाची हवा भरलेली असते. घोडा दाबला की झडप क्षणभर उघडते आणि हवा छऱ्याला ढकलते. शिकाऱ्याच्या बंदुकीचा छर्रा ५.५ मिलिमीटरचा, सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर वजनाचा, मधे कमर असलेला. तो आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगाने जातो, म्हणून फटाक्यासारखा आवाज येत नाही. ऊर्जा ४० ज्यूलच्या आसपास, रिमफायर काडतुसाच्या पाव हिश्श्याहूनही कमी. पेनसिल्वेनियाच्या विधिमंडळाने २०१६ साली कायदा बदलल्यावर तिथल्या गेम कमिशनने हवेच्या बंदुकीला शिकारीत मुभा दिली. छोट्या शिकारीला ०.१७७ ची नळी चालते, पण ग्राउंडहॉगसाठी किमान ०.२२ लागते. डोक्यावर झगझगीत नारिंगी टोपी सक्तीची. वस्ती असलेल्या इमारतीपासून दीडशे यार्डांच्या आत, तिथे राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय, शिकार करता येत नाही.

*

शिकारी आजोबा कारखान्यात यंत्रावर आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांच्या बंदुकीच्या दस्त्यावर चिकटपट्टीने एक कागद लावला आहे. त्यावर पेन्सिलीने अंतरं आणि त्यांच्यापुढे किती वर धरायचं याचे आकडे. हवेच्या बंदुकीचा छर्रा सरळ रेषेत जात नाही. ३५ यार्डांवर नेम बसवलेली बंदूक ६० यार्डांवर तीन-साडेतीन इंच खाली मारते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ५० यार्डांवर त्याला दोन इंचांच्या आसपास बाजूला नेतो. आणि ग्राउंडहॉगच्या डोळा-कानाच्या मधली जी जागा गाठायची, ती जेमतेम दीड इंचाची. तिथे लागलं तर प्राणी जागीच संपतो. पोटात किंवा खांद्यात लागलं तर तो चार उड्यांत बिळात उतरतो आणि जमिनीखाली तासन्‌तास मरत राहतो. त्याला वर काढून यातनेतून सोडवणं कोणाच्याही हातात राहत नाही.

म्हणून त्यांचा नियम चाळीस यार्डांचा. पिकाच्या मागे मातीचा चढ असला पाहिजे, नुसतं आकाश असेल तर नाही. वारा पडलेला हवा. प्राणी स्थिर, डोकं आडवं. मार्चमध्ये माद्या विण्याच्या आधी, किंवा जूनअखेर पिल्लं स्वतंत्र झाल्यावर; मधल्या काळात ते बंदूक घेऊन शेतावर येत नाहीत. शेतकऱ्याला हे पटत नाही, कारण पहिली कापणी नेमकी त्याच मधल्या काळात येते. तेव्हा ते एक काम करून देतात. सगळी बिळं पायी फिरून शोधतात आणि प्रत्येकाशेजारी चिंधी बांधलेली काठी रोवतात, म्हणजे यंत्रावर बसलेल्याला लांबून दिसतं. त्या काठ्यांनी वाचवलेले यंत्राचे दात मोजले तर त्यांची बंदुकीइतकीच किंमत होईल, असं शेतकऱ्याने मला सांगितलं.

जुलैतल्या एका संध्याकाळी मी त्यांच्यामागे बांधाला पालथा पडून होतो. दुसरी कापणी होऊन गेलेली, घास घोट्याइतका. ऊन उतरल्यावर उकिरावर एक करडं डोकं वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. मग अख्खा प्राणी बाहेर येऊन दोन पायांवर उभा राहिला. अंतरमापकात आकडा आला बासष्ट. आजोबांनी बंदूक खांद्याला लावलीच नाही. प्राणी चरायला वाकला की कोपरांवर सरकायचं, त्याने मान वर केली की थिजायचं. घामाने डोळे चुरचुरत होते, गोमाशा चावत होत्या, आणि पुढे चाललेल्या म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू येत होता. अडतीसवर ते थांबले. बंदुकीचा दुपाया गवतात रुतवला. तरी बराच वेळ काही झालं नाही, कारण प्राणी आमच्याकडे तोंड करून होता. त्याने बाजूला मान वळवली तेव्हा टाळी वाजावी एवढाच आवाज झाला. छऱ्याला तिथे पोहोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. तेवढ्यातही प्राण्याने मान हलवली तर सगळा हिशेब चुकतो. तो हलला नाही. होता तिथेच बसला.

जवळ गेल्यावर आजोबांनी आधी काडीने डोळ्याला स्पर्श करून तो मेल्याची खात्री केली. मोठा नर होता. पटाशीच्या दातांवर लसूणघासाचा हिरवा रस तसाच होता. कानामागची जखम मसुराएवढी. त्यांनी पुढच्या पायांखालच्या गाठी मला बोटाने दाबून दाखवल्या. मांस खायचं असेल तर त्या आधी काढाव्या लागतात, नाहीतर सगळ्याला वास लागतो. त्यांच्या आजीच्या घरी ग्राउंडहॉग शिजत असे. आता त्यांच्या घरात कोणी खात नाही.

त्यांनी नंतर सांगितलं की संध्याकाळी आलेली संधी ते बहुतेक वेळा सोडून देतात. वारा, अंतर, मागचा चढ, काही ना काही आडवं येतं. जोरदार रायफल असती तर त्यातल्या कितीतरी वेळा त्यांनी घोडा दाबला असता. मला या माणसाचं मोल इथे कळलं. शस्त्र कमकुवत आहे, म्हणून जवळ जावं लागतं. जवळ गेल्यावर प्राणी दिसतो. दिसल्यावर चुकीची जबाबदारी दुसऱ्या कशावर टाकता येत नाही. शेतीसाठी एखादा जीव घ्यावाच लागणार असेल, तर तो घेणाऱ्याने एवढं जवळ गेलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

*

हे लिहिताना विदर्भ-मराठवाड्यातली शेतं डोळ्यांपुढे असतात. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेला मका, रोह्यांच्या कळपाने फस्त केलेला हरभरा. ग्राउंडहॉगचा उपद्रव त्यापुढे किरकोळ आहे. आपल्या शेतकऱ्याची कोंडीही वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पिकाला उपद्रव देणारा प्राणी मारायची परवानगी वन खात्याकडून काढावी लागते. ती वेळेवर मिळत नाही, आणि मिळाली तरी नेम धरणारा हात गावात नसतो. माधव गाडगिळांसारख्या पर्यावरणतज्ज्ञानेही या कायद्याचा शेतकऱ्यावर अन्याय होतो हे वारंवार मांडलं. परवानगीचा रस्ता बंद दिसला की रात्री कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडली जाते. त्या तारेला कधी डुक्कर लागतं, कधी वाघ, कधी पाणी द्यायला निघालेला शेजारचा माणूस. तार कोणाला ओळखत नाही, आणि ती लावणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो.

हवेची बंदूक हा आपल्याकडचा उपाय नव्हे, हे स्वच्छ सांगतो. आपल्याकडे २० ज्यूलपर्यंतची, ०.१७७ नळीची बंदूक विनापरवाना मिळते. तिने शंभर किलोचं डुक्कर फक्त जखमी आणि पिसाळलेलं होईल, आणि तिने रानातलं पाखरू मारणंही गुन्हाच आहे. घ्यायचं असेल तर बर्क्स काउंटीतली व्यवस्था घ्यावी. शेत कोणाचं, मारणारा कोण, कोणत्या महिन्यात, किती अंतरावरून, मागे काय आहे, हे सगळं तिथे आधी ठरलेलं असतं आणि प्रत्येक गोष्टीला एक माणूस जबाबदार असतो. आपल्याकडे पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. गावोगावच्या अशा परवानाधारकांना वन खात्याने नेमबाजीचं शिक्षण देऊन, हंगाम ठरवून, नोंद ठेवून हे काम सोपवावं. तारेतल्या विजेपेक्षा ते सगळ्यांनाच सोयीचं होईल.

तिकडे आजोबांचा सध्याचा प्रश्न शिशाचा आहे. छर्रा शिशाचा असतो आणि कवटीत शिरल्यावर त्याचे कण होतात. मेलेला ग्राउंडहॉग बांधावर टाकला की गिधाडं, कावळे, गरुड येतात आणि ते कण त्यांच्या पोटात जातात. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेच्या ३८ राज्यांतल्या १२१० गरुडांचा अभ्यास आला. जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेल्या शिशाची विषबाधा दिसली. त्यातलं शिसं सगळं शिकारीच्या गोळ्यांमधूनच आलं असं नाही, पण तो मोठा स्रोत आहे. तेव्हापासून आजोबा प्रत्येक प्राणी फावड्याने खोल पुरतात आणि वर दगड ठेवतात, कारण स्कंक उकरतात.

या वर्षी त्यांनी कथलाचे बिनशिशाचे छर्रे मागवले. ते हलके असतात, वाऱ्याने जास्त सरकतात, आणि प्रत्येक बंदुकीला मानवतात असं नाही. कोठारामागच्या उतारावर पुठ्ठा लावून ते एकेक डबी तपासत होते. शिशाचे पाच छर्रे चाळीस यार्डांवर अंगठ्याच्या नखाखाली झाकले जात होते. कथलाचे दीड-दोन इंचांत विखुरले. त्यांनी पुठ्ठा दहा यार्ड अलीकडे आणून लावला. तिथे ते पुन्हा नखाएवढ्या जागेत बसले. तेव्हा दस्त्यावरचा जुना कागद त्यांनी सोलून काढला आणि नवीन कागदावर पहिला आकडा लिहिला, ३०. त्यापुढचे रकाने त्यांनी भरलेच नाहीत.